चार वाजताचा टीपीआर

आदरणीय मॅडम,

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नाव-गाव छापू नका. गेल्या महिन्यात आमची नाइट पोस्टिंग पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात होती. बत्तीस पेशंट, एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोघी स्टुडंट. बीपीचं उपकरण एकच, त्याच्याही बल्बमधून हवा जाते. सकाळी केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) सबमिट करायचा होता, म्हणून पहाटे मी तो लिहीत बसले आणि चार वाजताचे टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब) घेतलेच नाहीत. सीनियर्सनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'सगळ्या नॉर्मल असतात, रात्री बाराचं बघून भरून टाकायचं.' मी तसंच भरलं.

त्यात एक सिझरची पेशंट होती, आदल्या दिवशी सकाळी झालेली. पावणेसहाला तिची आई सांगत आली, पोरगी घामाने भिजलीय. सिस्टरनी चादर उचलली तर खाली सगळं रक्त. पल्स १३४, बीपी ८०/५०. डॉक्टर धावत आले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. पेशंट वाचली, आठव्या दिवशी घरी गेली. पण त्या सकाळी डॉक्टर चार्ट बघून म्हणाले, 'चारला ११०/७० आहे, म्हणजे त्यानंतर अचानक झालंय.' आणि तिच्या आईवर, म्हणजे बाळाच्या आजींवर ओरडले, 'शेजारी झोपून तुम्हाला कळलं नाही?' आजी सारख्या म्हणत होत्या, 'माझाच डोळा लागला हो.' मी तिथेच उभी होते.

कुणाला काही कळलेलं नाही. मैत्रीण म्हणते, पेशंट वाचली ना, मग गप्प बस. तिने तर डिलिव्हरीच्या केसबुकात, म्हणजे स्वतः केलेल्या बाळंतपणांच्या वहीत, निम्म्या केसेस लेबर रूमच्या रजिस्टरवरून उतरवल्यात, आणि बऱ्याच जणी तेच करतात. मी सांगू का? वर्ष जाईल का? तिचंही सांगू का? मला आता वॉर्डात जायचीच भीती वाटते.

— एक विद्यार्थिनी

मुली,

आधी तातडीचं सांगते. तो केसपेपर आता रेकॉर्ड रूमला गेला असेल. ओळखीने तो काढून आकडा बदलावा, असं मनात आलं असेल तर तो विचार आत्ता सोड. चुकीची नोंद दुरुस्त करायची रीत ठरलेली आहे. ज्याने लिहिलं त्यानेच एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहून तारीख, वेळ आणि सही करायची, तीही इन्चार्जना सांगून. महिन्याभराने गुपचूप केलेली दुरुस्ती ही दुसरी लबाडी होते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते. मोबाइलवर त्या चार्टचा फोटो काढून ठेवला असशील तर तोही ठेवू नकोस. त्यावर एका बाईचं नाव आणि तिची प्रकृती आहे.

आता तुझा प्रश्न. हो, सांग. कसं आणि कुणाला, ते पुढे लिहितेच. पण का सांगायचं, यावर थोडी थांबते, कारण तुझ्या पत्रात मला एक गोष्ट निसटलेली दिसली. 'टीपीआर घेतले नाहीत' याचं तुला वाईट वाटतंय. ते वाटायलाच हवं, पण न घेतलेला टीपीआर ही हयगय आहे. ती थकव्याने होते, गर्दीने होते, माझ्याकडूनही झाली आहे. त्या चौकटीत तू ११०/७० लिहिलंस, ते प्रकरण वेगळं.

चौतीस वर्षांत मी चार्ट किती पाहिले ते मोजलं नाही, पण बसल्या जागी भरलेला चार्ट लांबून ओळखू येतो. चाळीस पेशंट आणि चाळिसांचा श्वास मिनिटाला २०. कधी चवीपुरता मध्येच एक १८. पूर्ण मिनिट घड्याळ धरून छातीकडे बघत कोण बसतं? एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एका मुलीने बीपी ११७/७३ लिहिलं होतं. ठोकळेबाज वाटू नये म्हणून तिने बिचारीने मुद्दाम विषम आकडे निवडले होते. वॉर्डात उपकरण होतं पाऱ्याचं. त्यावरच्या रेघा दोन-दोनच्या असतात. ११७ ला तिथे रेघच नसते. मी तिला फक्त 'ही रेघ मला दाखव' एवढंच म्हटलं.

हसू येतं, पण आकडा लिहून झाला की तो आपला राहत नाही, हे पहिल्या वर्षी आम्ही शिक्षक नीट शिकवत नाही. तुझं ११०/७० डॉक्टरांनी वाचलं आणि त्यावरून पुढचा विचार केला: चारपर्यंत ठीक होती, म्हणजे रक्तस्राव नुकताच आणि जोरात सुरू झाला. किती रक्त गेलं असेल, किती वेळ गेला असेल, याचा पहिला अंदाज त्यांनी तुझ्या त्या चौकटीवरून बांधला. पुढे हाताने, डोळ्याने तपासून त्यांनी काय ते केलंच, म्हणून बाई वाचली. पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून झाली होती. आजींना बोलणी बसली ती त्याच आकड्यामुळे. चौकट रिकामी असती तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता, 'बारानंतर हिला कुणी बघितलंय का?'

तुला वर्गात शिकवलेलं पुन्हा उगाळते, कारण ते इथे लागू आहे. रक्त जायला लागलं की बीपी शेवटी पडतं. आधी नाडी वाढते, मग श्वास. शरीरातलं साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकून राहू शकतं. बाळंतिणीत तर जास्तच फसायला होतं, कारण गरोदरपणात रक्त वाढलेलं असतं आणि वरून ती बरी दिसते. म्हणून पीएनसी वॉर्डात बल्ब गळका असला तरी नाडी बघता येते. तीन बोटं आणि घड्याळ. पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे की सैल, ते बघायचं, पॅड बघायचं. बत्तीस जणींना ते करायला वेळ नव्हता हे मला मान्य आहे. सिझर होऊन चोवीस तास न झालेल्या त्या रात्री किती होत्या? तीन, चार? तेवढ्यांसाठी होता.

चार वाजता तिला रक्तस्राव होत होता का? ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. कदाचित सगळं पाचनंतर सुरू झालं असेल आणि तू नाडी बघितली असतीस तरी ८४ च आली असती. 'माझ्यामुळे तिचा जीव जाणार होता' असं तू रात्री अंथरुणात घोळवत असशील, तर तेही खरं धरून चालू नकोस. तुझ्यामुळे रक्तस्राव झाला नाही. तुझ्यामुळे एवढंच झालं की तो कधी सुरू झाला, हे शोधायची सोय गेली.

माझं सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते, सर्जिकल वॉर्ड, दुपारची वेळ. इनटेक-आउटपुट चार्ट (पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली, त्याचा) भरायचा राहिला होता. दोनच्या चौकटीत मी ऐटीत लिहिलं, लघवी १५० मिली. इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, चार्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पेशंटची चादर बाजूला केली. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बारा वाजताच काढलं होतं. बॅगच नव्हती, तर दीडशे मिली आलं कुठून? वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात मापाचं भांडं दिलं आणि त्या पेशंटची लघवी मोजायला संध्याकाळपर्यंत तिथेच बसवलं. संध्याकाळी सहा वाजले तरी त्या पेशंटना लघवी झाली नव्हती. कॅथेटर काढल्यावर त्यांची लघवी अडली होती. माझे दीडशे मिली तसेच राहिले असते, तर पुढच्या ड्यूटीला वाटलं असतं, माणसाला दुपारी छान लघवी झालीय. मी पकडली गेले, हे माझं नशीब. तुला कुणी पकडलं नाही, त्यामुळे ते काम तुलाच करायचं आहे.

आता तुझ्या बाजूने बोलते. बत्तीस बाळंतिणी, बत्तीस बाळं, एक सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी, ही ड्यूटी कुणी लावली? शिकायला आलेल्या मुलींना स्टाफ म्हणून राबवायचं, सकाळी त्यांच्याकडूनच वीस पानी केअर प्लॅन मागायचा, आणि पेशंटपेक्षा त्या प्लॅनच्या समासाकडे जास्त बघायचं, हे आमच्या पिढीनेच चालवलं. रिकाम्या चौकटीसाठी आम्ही मुलींना वॉर्डात सगळ्यांसमोर झापलं. भरलेल्या चौकटीला कधी विचारलं नाही, तू खरी आहेस का? मग मुली काय शिकल्या ते दिसतंच आहे. हे सगळं खरं आहे आणि तू ते सांगायचंही आहेस. पण पहिल्या वाक्यात नको.

पहिलं वाक्य हे: 'मॅडम, त्या रात्रीचे चारचे टीपीआर-बीपी मी घेतले नव्हते, बाराचे बघून लिहिले.' इथे थांबायचं. 'कारण' हा शब्द त्यांनी विचारल्यावर. घरी बसून आधी एका कागदावर लिहून काढ: तारीख, वेळ, कुठल्या बेडच्या नोंदी, तू काय केलंस, सकाळी काय पाहिलंस. फक्त स्वतःबद्दल. सीनियर काय म्हणाल्या ते त्यांनी विचारलं तर सांग, पण तुझी बाजू मांडायला त्यांचं नाव पुढे करू नकोस. तुझ्याबरोबरच्या मुलीलाही आदल्या दिवशी कळव, म्हणजे तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही. व्हॉट्सॲपवर यातलं काही लिहू नकोस. तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमना, प्रत्यक्ष भेट, त्या नसतील तर प्राचार्यांना.

आणि आजींचं नक्की सांग. ती बाई आज कुठल्या तरी गावात बसून 'माझा डोळा लागला' म्हणत असेल. तू परस्पर त्यांच्या घरी जाऊ नकोस, फोनही करू नकोस. त्या घराला काय आणि कसं सांगायचं, ते हॉस्पिटलने ठरवायचं असतं. पण 'आजींना दोष दिला गेला आणि तो माझ्या नोंदीवरून दिला गेला' हे तुझ्या कागदावर असलं पाहिजे, म्हणजे ते ठरवायच्या वेळी कुणाला विसरता येणार नाही.

काय होईल? काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. परीक्षेतली कॉपी असती तर प्रकरण नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेलं असतं. वॉर्डातलं असं प्रकरण बहुधा कॉलेज आणि हॉस्पिटलच्या पातळीवर बघितलं जातं. मेमो मिळेल, आई-वडिलांना बोलावतील, पोस्टिंग पुन्हा करायला लावतील. कुणी तरी खूप बोलेल, आणि बोलणारा स्वतः कधीकाळी चार्ट भरून मोकळा झालेला असू शकतो. ते ऐकून घे. वर्ष जाईल का, हे तुमच्या प्राचार्यांवर आहे आणि मी त्यांना ओळखत नाही. एवढं सांगते, प्राचार्यांच्या खुर्चीशेजारी मी बसले आहे. स्वतःहून आलेली मुलगी आणि पकडून आणलेली मुलगी यांच्याकडे बघण्यात तिथे फरक पडतो.

अमेरिकेतला एक अभ्यास मी मुलींना नेहमी सांगायचे. मॅक्सीन पापादाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तो प्रसिद्ध केला. तीन मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले २३५ डॉक्टर, ज्यांच्यावर पुढे वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती, त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली काढल्या आणि ४६९ बिनतक्रार डॉक्टरांच्या फायलींशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या जुन्या फायलीत गैरवर्तनाची नोंद सापडली. आमचे एक सर हा आकडा छडीसारखा वापरायचे. पण दुसरीकडचा आकडा ते वाचत नसत: ज्यांच्यावर कधीच काही कारवाई झाली नाही, त्यांच्यातही १९ टक्क्यांच्या फायलीत तशी नोंद होतीच. म्हणजे शिकताना घसरलेली पुष्कळ माणसं पुढे नीट डॉक्टरकी करत राहिली. पुढच्या कारवाईशी सगळ्यांत घट्ट नातं कशाचं निघालं, तर कमालीच्या बेजबाबदारपणाचं, आणि सांगूनही सुधारण्याची तयारी नसण्याचं. ते डॉक्टर होते, आपण नर्सेस, देशही वेगळा. तरी यातलं दुसरं कारण मला आपल्या वॉर्डांतही जसंच्या तसं दिसलं आहे. तू पत्र लिहिलंस, म्हणजे त्या खान्यात तू अजून बसत नाहीस.

मैत्रिणीचं. लेबर रूममध्ये एक बाळंतपण होतं आणि महिन्याअखेरीस ते सहा केसबुकांत सापडतं. एका बाळाच्या सहा सुइणी! हे मला नवीन नाही आणि तुमच्या मॅडमनाही नसेल. पण तिला एक विचार. पास होऊन, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात घेऊन ती उद्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एखाद्या उपकेंद्रावर गेली. पावसाळ्यात रस्ता बंद आणि दारात कळा देणारी बाई. तेव्हा केसबुकातल्या उतरवलेल्या केसेस तिला काय सांगणार आहेत? डोकं बाहेर आलं, खांदा अडकला, आता हात कुठे लावायचा? तिला अजून वेळ आहे. कमी भरलेल्या केसेस मॅडमना दाखवून जादा लेबर रूम पोस्टिंग मागता येते. बोलणी खाऊन का होईना, मिळते.

हे तिला तोंडावर सांग. तिची तक्रार करायला तू तुझ्या कबुलीचाच दिवस निवडू नकोस. दोन्ही एकदम केलंस तर तू स्वतःचं ओझं वाटून टाकते आहेस असं दिसेल, आणि थोडं तसं असेलही. निनावी चिठ्ठी तर मुळीच नको. २०२१ साली अमेरिकेत डार्टमथच्या मेडिकल कॉलेजने सतरा विद्यार्थ्यांवर ऑनलाइन परीक्षेत कॉपी केल्याचा ठपका ठेवला, तो कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या भरवशावर. पुढे लक्षात आलं की माणूस उपकरणापाशी नसतानाही त्या नोंदी आपोआप उमटू शकतात. आरोप मागे घ्यावे लागले, डीननी माफी मागितली, पण तोवर त्या मुलांचे काही महिने जायचे ते गेले. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर डोळ्यांनी पाहिलेलं, समोरासमोर आणि स्वतःच्या नावानिशी. ती ऐकत नाही आणि खोट्याच केसेसवर सही घ्यायला निघाली आहे असं तुला दिसलं, तर तिला 'मी मॅडमना सांगणार आहे' असं आधी सांगून मग सांग. मैत्री कदाचित राहणार नाही.

जाता जाता एक. नर्सिंगच्या सुरुवातीच्या लॅम्प लायटिंग समारंभात हातात दिवा धरून जी शपथ घेतलीस ना, ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती लिहिली आणि वर नाव बाईंचं दिलं. नाइटिंगेलबाईंनी स्वतः काय केलं, तर क्रिमियाच्या युद्धातल्या लष्करी रुग्णालयांतले मृत्यू मोजले, कशाने किती मेले याचे तक्ते मांडले आणि ते लंडनच्या सरकारपुढे ठेवले. आपल्याकडे दिव्याचं कौतुक फार होतं. वहीचं कुणी नाव काढत नाही.

राहिली तुझी वॉर्डाची भीती. पुढच्या नाइटला एवढंच कर: जे घेतलं नाही, तिथे 'घेतलं नाही' लिही आणि सिस्टरना तसं तोंडी सांग. त्या रागावतील. रागावू देत. ती चौकट बघून पुढचा माणूस निदान पेशंटकडे वळेल. सेकंदकाटा असलेलं घड्याळ नसेल तर आधी घे, स्वस्तातलं चालेल. पहिल्या बेडपासून सुरुवात करू नकोस. ताज्या सिझरच्या, रक्त कमी असलेल्या, ज्यांच्या नातेवाइकांनी संध्याकाळपासून दोनदा काही विचारलंय अशा पेशंटपासून कर. मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, आणि त्याच अवस्थेत पूर्ण मिनिट श्वास मोजायचा. हात सुटला की बाईला कळतं आपण बघतोय आणि श्वास बदलतो. सतरा आला तर सतरा लिही.

क्लिनिकल इन्स्ट्रक्टर सकाळी आठच्या आधी वॉर्डाच्या ड्यूटी रूममध्ये बहुधा एकट्या सापडतात. आठनंतर त्यांच्यामागे राउंड, हजेरी, सगळंच लागतं. तुमच्या मॅडमची वेळ तुला ठाऊक असेलच. सोमवारी जा, कागद बरोबर ने, आणि काय म्हणाल्या ते मला कळव.